खाली म्हणजे रिकामं

कुणी काहीही हातात दिलं की सर आधी आत डोकावून बघायचे. चहाचा ग्लास दिला तरी उजव्या हाताची करंगळी आत फिरवायचे, ग्लास उजेडाकडे धरायचे आणि मग म्हणायचे, "बगितलं. आता वता."

कँटीनच्या मावशी वैतागायच्या. "अवो, आत्ता धुतलाय त्यो. आत काय साप बसलाय व्हय?"

"मावशी, तुमी धुतलाय ह्ये तुमाला म्हाईत. माज्या बोटाला कुटं म्हाईत हाय?"

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारा. गॅसचं बटण बंद आहे हे दिसत असूनही त्याला हात लावणारा. आपण अशांना हसतो. मीही हसायचो.

सर आम्हाला पिस्तूल चालवायला शिकवायचे. लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून एक रिसॉर्ट आहे. तिथल्या बंद पडलेल्या बॅडमिंटन हॉलमध्ये मालकांनी नवशिक्यांसाठी वर्ग काढला होता. सुरक्षितता आणि नेमबाजी, आठ शनिवार सकाळी. पिस्तूल म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, छऱ्याचं. पण त्याला खेळणं म्हटलेलं सरांना चालायचं नाही.

"छर्रा डोळ्यात ग्येला तर डोळा इचारतो का, छर्रा हाय का गोळी हाय?"

मी तिथे गेलो तो रक्तदाबामुळे. डॉक्टर म्हणाले, श्वासावर ताबा येईल असं काहीतरी करा. योगासनांच्या वर्गात मला झोप लागली. मग बायकोनेच ही जाहिरात शोधून काढली. मी राहतो वराळ्याला आणि नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, मशीन चालू असताना फोन काढू नका, हे दिवसभर इतरांना सांगत फिरणं हे माझं काम. अपघात झाला की त्याचा अहवाल लिहिणं हेही माझंच काम. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

सर वडिवळ्याचे. घरची भातशेती. फौजेत हवालदार होते आणि नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी नव्या रंगरुटांच्या हातात हत्यार देण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ते याच रिसॉर्टच्या गेटवर उभे राहिले. पाहुण्यांची गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, सलाम ठोकायचा, शिट्टी वाजवून गाडी लावून घ्यायची. वर्गासाठी आणलेला पुण्याचा शिक्षक शनिवारच्या गर्दीत जुन्या हायवेवर अडकून अडकून महिन्यातच पळाला. तेव्हा मालकांना आपल्या गेटवरच्या माणसाची आठवण झाली.

"पैल्या दिवशी कुनीतरी 'सर' म्हनलं," ते स्वतःच सांगायचे, "आन मी मागं वळून बगितलं. म्हनलं, कोन आलं?" एवढं सांगून मनापासून हसायचे. पण वर्गाला ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे आणि त्या हाकेला ओ देताना जरा ताठ व्हायचे. गेटवरची शिट्टी मात्र अजून खिशात असायची.

पहिल्या शनिवारी त्यांनी आम्हाला ओळीने उभं केलं. आज्ञा सगळ्या फौजी हिंदीतल्या. 'भर' म्हटल्यावर छर्रा भरायचा. नंतर ते गरजले, "खाली कर!"

ओळीतल्या एका आयटीवाल्या मुलाने पिस्तूल अलगद टेबलावर ठेवलं.

"ह्ये काय क्येलं?"

"खाली केलं, सर."

सगळे हसले. सर नाही हसले. "मराठी खाली न्हाई ह्ये. फौजेतलं खाली. खाली म्हंजे रिकामं. छर्रा काडायचा, दोरा घालायचा आन मंगच टेबलावर. हात खाली ग्येला आन नळी भरल्याली ऱ्हायली, तर कुनाच्या तरी पायाची काशी."

"मग सर, 'रिकामं कर' म्हणा ना सरळ," तो मुलगा म्हणाला.

"लय वर्सं जिभेला वळान पडलंय रं. ऐन वक्ताला त्वांडातनं त्येच येनार. मंग आत्ताच शिका की."

आणि खडू घेऊन त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : खाली म्हणजे रिकामं. आठही आठवडे ती ओळ तिथेच होती. मी चार नंबरच्या जागेवर उभा राहायचो. फळा बरोबर माझ्या समोर.

दोरा म्हणजे नारिंगी रंगाची प्लास्टिकची दोरी. ती नळीतून आरपार गेली की समजायचं, आत काही नाही. पण सरांची खरी शिकवण हत्याराच्या देवघेवीत होती. देणाऱ्याने म्हणायचं, 'रिकामं'. घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वतः वाकून दोरा बघायचा आणि मग म्हणायचं, 'बघितलं'. तोवर देणारा हात सोडणार नाही.

एकदा त्याच आयटीवाल्या मुलाने घाईत पिस्तूल ओढलं. सरांनी सोडलं नाही. मुलाने पुन्हा ओढलं. दोघं पिस्तुलाची दोन टोकं धरून उभे. शेवटी मुलगा शरमून म्हणाला, "बघितलं, सर."

"बगितलं न्हाईस. नुसतं म्हनलास. आता बग."

हे वेड आम्हा सगळ्यांना लागलं. मी घरी बायकोला डबा देताना 'रिकामा' म्हणू लागलो, आणि तीही डब्याचं झाकण उघडून 'बघितलं' म्हणायची. आमच्यात एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, आम्ही त्यांना गार्डकाका म्हणायचो. ते म्हणायचे, "आमच्या गाडीत हा माणूस असता तर गाडी कधी वेळेवर सुटली नसती. पण पोचली असती हो, नक्की पोचली असती."

मी शनिवारी अर्धा तास आधीच जायचो. सर कामशेतवरून स्कूटरने आलेले असायचे. पायरीवर बसून आम्ही चहा प्यायचो. माझ्या कामाची त्यांना फार उत्सुकता. तपासणीचे तक्ते कसे असतात, अहवाल कसा लिहितात, सगळं विचारायचे. एकदा म्हणाले, "तुमचं आमचं काम एकच, साहेब. कुनाचं बोट जाऊ नये."

त्या दिवशी मी जरा फुशारकीनेच सांगितलं, की प्रेस मशीनवर उभा असताना फोन घेतला म्हणून एका ऑपरेटरला मी नुकतंच आठ दिवस घरी बसवलं.

"कुनी पकडलं त्याला?"

"कुणी नाही. त्यानेच येऊन सांगितलं, साहेब चूक झाली म्हणून."

सरांनी ग्लासातला उरलेला चहा फिरवला. "सोता सांगितलं? मंग मी दोनच दिस बसवला असता."

सहाव्या शनिवारी एक गोष्ट घडली. ती त्या वेळी मला बक्षिसासारखी वाटली. 'खाली कर' झाल्यावर सर प्रत्येकाचा दोरा तपासत ओळीने यायचे. माझ्यापाशी आले, मी 'रिकामं' म्हणालो आणि ते न वाकताच पुढे गेले. पुढच्याला म्हणाले, "साहेबांचं बगायला लागत न्हाई." मावशींचा ग्लास तपासणारा माणूस माझ्या शब्दावर पुढे गेला. मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.

सातव्या शनिवारी गार्डकाकांच्या लक्ष्याची दोरी कप्पीत अडकली. लक्ष्याचा कागद पुढे-मागे नेणारी दोरी अडकली तर चालत पुढे जाऊन सोडवावी लागे. सर गरजले, "खाली कर!"

माझ्या पिस्तुलात छर्रा होता. आणि त्याच क्षणी माझ्या खिशातला फोन थरथरला. फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे असा नियम होता. त्या दिवशी कारखान्यात एक मोठं मशीन चालू व्हायचं होतं, म्हणून मी ठेवला नव्हता. मी डावा हात खिशात घातला. उजव्या हातातलं पिस्तूल टेबलाकडे नेलं. सर ओळीने येत होते. मी म्हणालो, "रिकामं."

सर पुढे गेले. त्यांनी हात वर केला, तशी गार्डकाकांनी पुढे पाऊल टाकलं. फोन काढताना माझं उजवं बोट कुठे होतं ते मला कळलंच नाही. टपकन आवाज झाला. छर्रा फरशीवर आपटला आणि उसळून गार्डकाकांच्या पोटरीत घुसला.

पहिल्यांदा कुणालाच काही समजलं नाही. काका "अरे! अरे!" करत खाली बसले. सर काकांकडे धावले नाहीत, आधी माझ्याकडे आले. माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, उघडलं, नारिंगी दोरा आरपार घातला, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बगा."

"बघितलं," मी म्हणालो.

मग त्यांनी आपल्या रुमालाने काकांची पोटरी बांधली आणि रिसॉर्टच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात पाठवलं. छर्रा निघाला, दोन टाके पडले. काका वाचले असं म्हणण्याइतकंही ते मोठं नव्हतं. पण हातभर वर उसळला असता तर, हा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

दुपारी मालक आले. "पोलीस-बिलीस मोठं करायचं नाही," ते म्हणाले. "पण कागद लागेल. काय झालं, कुणामुळे झालं, स्वच्छ लिहून द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या कारखान्याच्या सेफ्टी सप्ताहाचं जेवण पुढच्या महिन्यात आपल्याकडेच आहे की. तुमचे मोठे साहेब येऊन मेनू ठरवून गेले."

ते सहज बोलले. मला मात्र त्या सप्ताहाच्या व्यासपीठावर उभा असलेला मी दिसलो, आणि समोर बसलेला तो आठ दिवस घरी बसवलेला ऑपरेटर.

सर म्हणाले, "साहेब लिवतील. त्यांचं कामच हाय त्ये." आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जसं झालं तसं लिवा. माजं बी लिवा. मी दोरा बगितला न्हाई. लपवू नका."

मी लिहायला बसलो. माझ्यासमोर फळा होता.

अहवाल कसा लिहायचा हे मला फार चांगलं येतं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही मी. एवढंच लिहिलं, की प्रशिक्षकांनी 'खाली कर' अशी आज्ञा दिली. सदर आज्ञा हिंदी व मराठीत भिन्न अर्थाची आहे. प्रशिक्षणार्थींचा हात आज्ञेनुसार खाली गेला. प्रशिक्षकांनी नियमाप्रमाणे दोरा तपासला नाही. फोनचा उल्लेख नाही. आणि मी 'रिकामं' म्हणालो होतो, तोही नाही. सरांनी सांगितलेलं त्यांचं सगळं लिहिलं. माझं तेवढं गाळलं.

कागद पुढे केला. सरांनी खिशातून पेन काढलं.

"वाचा ना एकदा," मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्यांनी वाचावं आणि मला पकडावं असं मला त्या क्षणी वाटलंही असेल. की मला ठाऊकच होतं ते काय उत्तर देणार? इतक्या दिवसांनी मला नक्की सांगता येत नाही.

"तुमी लिवलंय ना? मंग वाचायचं काय?"

आणि त्यांनी सही केली.

मालकांनी मात्र शब्दन् शब्द वाचला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मराठी माणसाला हिंदीत ऑर्डर दिल्यावर दुसरं काय होणार?" ते फळ्याला पाठ करून उभे होते. ओळ वाचायला त्यांना फक्त वळायचं होतं. वळा म्हणायला मी होतो. सर तेव्हा बाहेर पायरीवर बसून रुमालावरचं रक्त धूत होते.

पुढच्या शनिवारी सर नव्हते. कँटीनच्या मावशींनी सांगितलं. मालकांनी अहवालाची एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, वर्ग तुम्हाला झेपत नाही, गेटवर परत या. सरांनी तिथेच उभ्या उभ्या प्रत वाचली. दोनदा वाचली. मग खिशातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि स्कूटर घेऊन निघून गेले. मावशी म्हणाल्या, "च्या बी घेतला न्हाई. निस्ता ग्लास हातात धरला आन तसाच ठिवला. आत बगितलं बी न्हाई वो."

त्या दिवशी आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. ती सरांनी आधीच सही करून ठेवली होती. माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे : हत्यार सुरक्षितपणे हाताळतात. खाली त्यांची सही. बायको फ्रेम करू म्हणाली. मी ते कपाटात साड्यांच्या खाली सारलं.

गार्डकाका महिन्याने कामशेतच्या बाजारात भेटले. लंगडत नव्हते. मी पायाची चौकशी केली.

"पाय बरा आहे. तुमचं कसं?" त्यांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली. "मालकांनी मला अहवाल दाखवला. साहेब, मी जन्मभर झेंडा दाखवायचं काम केलं. तुम्ही 'रिकामं' म्हणालात म्हणून मी पाऊल टाकलं. हिरवा झेंडा तुम्ही दाखवलात, आणि अहवालात झेंडाच नाही?"

"काका, तुम्ही मालकांना सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? चुकीचा सिग्नल ज्याने दिला त्याने सांगायचं असतं." आणि ते भाव करायला पुढच्या गाड्यावर गेले.

तरी मला आठ महिने लागले. सेफ्टी सप्ताह झाला. जेवण झालं. मी व्यासपीठावर भाषण केलं. त्या रात्रीपासून रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या. शेवटी एका सोमवारी मी रिसॉर्टवर गेलो आणि मालकांना सगळं सांगितलं. फोन, छर्रा, 'रिकामं'. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंत, मनावर राहत नाही," ते म्हणाले. "पण आता नव्या सरांचं छान बसलंय. जुनं कशाला उकरायचं?" हॉलमधून नव्या सरांचा आवाज येत होता : "अनलोड!" फळा स्वच्छ होता.

कारखान्यात मात्र मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आल्यावर कळेल.

रिसॉर्टवरून मी वडिवळ्याला गेलो. भाताची झोडणी चालू होती. सर खळ्यात होते. अंगात बंडी, केसांत भुसा. मला बघून पेंढी खाली ठेवली.

"या साहेब. पानी घ्या."

तांब्या त्यांनी माझ्यापुढे ठेवला, हातात नाही दिला. मी पाणी प्यायलो. मालकांना सगळं खरं सांगून आलोय, असं म्हणालो.

"बरं क्येलं."

"सर, तुम्ही परत…"

"न्हाई. तितं आता कोन जातंय?" त्यांनी हाताला चिकटलेला भुसा झटकला. आवाज चढला नव्हता. "मी काय म्हनलतो तुमाला?"

"जसं झालं तसं लिहा."

"आन माजं बी लिवा म्हनलतो. माजं लिवलंत. बरूबर लिवलंत. मी दोरा बगितला न्हाई, त्ये खरंच हाय. पर तुमचं कुटं हाय, साहेब? येकच तर शबूद व्हता."

सुपात धान्य घेऊन त्यांची बायको दारात आली होती, ती आमच्याकडे बघून तशीच आत गेली.

"पिस्तुलं लय बगितली मी," ते म्हणाले. "कागुद कदी बगितला न्हाई."

मग ते घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात त्या अहवालाचा चार घड्या घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडला. घड्यांवर तो विरायला आला होता. तळाशी त्यांची सही, बाजूला माझी. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"बगा."

मी कागदाचं एक टोक धरलं. दुसरं त्यांच्या बोटांत होतं. त्यात काय आहे ते मला पाठ होतं, वाचायची गरज नव्हती. मी घ्यायला गेलो. त्यांनी सोडला नाही.

खळ्यात आम्ही तसेच उभे. मग मी वाकलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. 'आज्ञेनुसार खाली गेला' इथे आलो, तरी थांबलो नाही. सह्यांपर्यंत गेलो. त्यांच्या सहीत रेघ कुठे जाड उमटली होती तेसुद्धा दिसलं.

"बघितलं," मी म्हणालो.

मग त्यांनी हात सोडला.